चिंचेनं उजळलेले दिवे
व्हिनेगरची बाटली उघडली, की त्या उग्र आंबूस वासासरशी मला आमच्या हॉलमधले पितळी दिवे आठवतात. कोल्हापुरातल्या नव्या फ्लॅटसाठी हौसेनं घेतलेले ते दिवे फारच चकचकीत होते आणि मला हवा होता जुन्या समईसारखा काळपट रंग. म्हणून व्हिनेगर-मिठात भिजवलेली फडकी मी त्यांना दिवसभर गुंडाळून ठेवली आणि पितळ अगदी मनासारखं काळवंडलं. ते भिंतीवर लागले त्याच आठवड्यात शिरोळच्या घरात पुराचं पाणी शिरलं आणि सासरे आमच्याकडे आले. एरवी गल्लीभर ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, पण दिवसभर खिडकीशी गप्प बसून असायचा. एका दुपारी मी ऑफिसातून आले तर हॉलमध्ये चिंचेचा वास भरलेला, आणि मेन स्विच बंद करून, स्टुलावर चढून सासरे शेवटचा दिवा घासत होते. बाकीचे नव्यासारखे लखलखत होते. मी ओरडणारच होते, तेवढ्यात ते वळून म्हणाले, "पार काळं पडलं हुतं की गं. तिकडं घरात समदा चिखल, हात लावाय येत न्हाय. म्हटलं, हितलं तरी उजळावं." मी एवढंच म्हणाले, "मामा, किती छान झालेत." पूर ओसरला, ते शिरोळला परतले. पण तेव्हापासून ते पिशवीत घरची चिंच घेऊन येतात, दिवे घासतात, पोटभर जेवतात, दोन दिवस राहतात. परवा त्यांनी फोनवर विचारलं, "दिवं काळं पडलं काय गं?" समोर भिंतीवर दिवे लख्ख होते. मी म्हटलं, "लई काळं पडल्यात, मामा. या तुम्ही."