ओले काकांचा स्लॅब

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान पुलाच्या कामावर पाणी मारायचे. एवढंच काम, असं मी नाक मुरडून म्हणायचे. पॅन्ट कायम गुडघ्यापर्यंत भिजलेली, म्हणून कामावर सगळे त्यांना ओले काका म्हणत. जेवताना कुणी सहज विचारलं की भावोजी सुरू: नवा स्लॅब वाऱ्याने वाळला की आकसतो, आकसला की तडकतो, मग त्या तड्यांतून पाणी शिरून आतली सळई गंजते. म्हणून वर गोणपाटं अंथरायची आणि ती सुकू द्यायची नाहीत. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

परवा सकाळी चहाचा कप हातात धरून ते खुर्चीतच गेले. चांगला धडधाकट माणूस, ना ताप ना खोकला. त्यांना खाली निजवलं, तशी ताई पायाशी बसली.

तासाभरात पुलावरची झाडून सगळी माणसं दारात हजर. मुकादम, गवंडी, टँकरचा ड्रायव्हरसुद्धा. मला भरून आलं. बाहेर वारा असा सुटला होता की दार सारखं आपटत होतं.

ताईने त्या दाराकडे पाहिलं, मग एकेकाचा चेहरा न्याहाळला. म्हणाली, "काल ओतलेल्या स्लॅबवर कोण आहे?"

मुकादम म्हणाला, "वहिनी, आज कसला स्लॅब घेऊन बसलात?"

"म्हणजे कुणीच नाही?"

मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मी दंड धरला, तर तिने हात झटकला.

"माझ्या बाळंतपणाला आले नव्हते हे. स्लॅब ताजा होता म्हणून. जन्मभर भांडले मी त्यावरून. आणि तुम्ही तो उघडा टाकून इथं आलात? उठा. आधी तिकडे जा. हे थांबतील."

माणसं मुकाट उठली. घरात आम्ही दोघी आणि ते, एवढेच उरलो.

दुपारी मुकादम परतला. गोणपाटं वाळून कडक झाली होती, म्हणाला. आता पाणी चालू आहे, बराचसा स्लॅब वाचला, पण एका कडेला तडे गेलेत. बुजवता येतील.

तोवर ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिने भावोजींच्या अंगावरची चादर नीट केली.

"ह्यांना सांगू नका," ती म्हणाली, आणि तिने हंबरडा फोडला.