सरवतआपांचा अठरावा सत्कार

सरवतआपांची पुस्तकं चार, सत्कार सतरा. चारही पुस्तकं मराठीत, शाळेतल्या मुलींच्या गोष्टींची. ती वाचलेला एखादा माणूस भेटेल या आशेनं आपा यवतमाळ जिल्हाभर सत्काराला जात आणि शाल घेऊन परत येत. वक्ते एकच वाक्य बोलत, "मुस्लिम असूनही काय मराठी!" आपा कोंबड्यासुद्धा वऱ्हाडीत हाकलत. याहून मराठी व्हायचं तरी कसं, हे त्यांना उमगत नसे.

गावातून मॅट्रिक झालेली पहिली मुलगी त्याच. पुढं चाळीस वर्षं शिकवलं, दारोदार फिरून मुली शाळेत आणल्या. आता निवृत्तीत त्यांना एकच घोर होता, एसटीचा. हायस्कूल तालुक्याला, साडेदहाला भरे. गाडी गावातून अकराला निघे. सातवीपुढच्या अकरा मुली रोज तिसऱ्या तासाला वर्गात शिरत. "दिवाळीपर्यंत पाहतो, मग घरी बसवतो," असं त्यांच्या बापांनी सांगून टाकलं होतं. गाडीची वेळ बदला म्हणून आपांनी आगारात नऊ अर्ज दिले. उत्तर एकाचंही आलं नाही.

अशात साहित्य मंडळाचे नरहरराव अठरावं आमंत्रण घेऊन आले. "हायस्कूलच्या सभागृहात, बरोबर साडेदहाला! प्रमुख पाहुणे एसटी आगाराचे हिरासिंगसाहेब. तुमाले आणाले कार पाठवतो."

"कार कायले? साहेबांची एसटी आहे ना."

"वेळेवर पोचान का तिनं?"

"काहून? पाहुण्याच्या गाडीवर भरोसा नाही का तुमचा?"

नरहररावांनी कारचा विषय सोडून दिला.

त्या दिवशी सभागृहात काय झालं, ते आपांना मागाहून कळलं. नरहररावांनी आपांचा परिचय दोनदा वाचला. साहेबांनी आगारात फोन लावला, "ते गाडी कुठं अडकली?"

"अडकली नाही साहेब, टायमावर आहे. तिचा टायमच अकराचा आहे."

फोटोग्राफरला दुसरीकडं लग्न होतं. त्याचा खोळंबा नको म्हणून शाल साहेबांच्याच खांद्यावर घातली आणि फोटो उरकला. मग शाल पांघरून, घाम पुसत, साहेब टेबलावरचं आपांचं पुस्तक चाळत बसले.

सव्वाबाराला आपा आल्या. मागं दप्तरं घेतलेल्या अकरा पोरी.

"आपा, लय उशीर केला!" साहेब म्हणाले.

"मी आजच केला, भाऊ. ह्या पोरी रोज करून राह्यल्या."

साहेबांनी पोरींकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. भाषण त्यांनी फार छोटं केलं.

सोमवारी आपा मुद्दाम थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. नऊला गाडी आली. अकराही पोरी चढल्या. कंडक्टरनं खाली उतरून आपांच्या हातात शाल ठेवली.

"साहेबांनी परत पाठवली. अन् विचारलं, त्या गोष्टीतल्या पोरीचं पुढं काय झालं? पुस्तक मंडळवाल्यांनी अर्ध्यातच उचलून नेलं म्हणे."

आपांनी शाल खिडकीतून पोरींच्या सीटवर टाकून दिली आणि पुस्तक आणायला त्या घराकडं अक्षरशः पळत सुटल्या. जाता जाता ओरडल्या, "दोन मिनिटं गाडी थांबव रे!"

"नाही जमत, आपा," कंडक्टर म्हणाला. "पोरींना उशीर होते."