वहिनींची केळी आणि माझे अ‍ॅव्होकाडो

अ‍ॅव्होकाडो मी नासवले आणि नाव वहिनींचं घेतलं. लिहायला हे वाक्य सोपं आहे. तोंडाने म्हणायला मला अख्खा पावसाळा लागला.

परळला आमचं फळांचं दुकान आहे. एक लहान गाळा, त्यापुढे फळी, वर ताडपत्री. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी त्याच जागी केळ्यांची हातगाडी लावली होती. आजूबाजूला इस्पितळं असल्यामुळे केळी कधी पडून राहिली नाहीत. पेशंटला चालतात, धुवावी लागत नाहीत, चाकू लागत नाही. पुढे थोरल्या भावाने आणि मी मिळून गाळा घेतला. भाऊ गेल्यावर त्याचा अर्धा वाटा वहिनींचा झाला, पण त्यांनी वाटा काढून मागितला नाही. त्यांनी भावाचं स्टूल मागितलं.

"घरात बसून मी भिंतींकडे किती बघू? मी केळ्यांवर बसते," एवढंच म्हणाल्या.

आणि बसल्या. सकाळी फण्या सोडवायच्या, आज विकायच्या पुढे, उद्याच्या मागे. आमच्याकडे बोहनी केळ्यांचीच व्हायची. वडिलांपासूनची रीत. पहिलं गिऱ्हाईक संत्री मागायला आलं, तर वहिनी त्याला आधी एक केळं घ्यायला लावत. रात्रभर वॉर्डाबाहेर बसलेला माणूस एकच केळं मागायचा, त्यालाही देत. मी कुरकुर करायचो, की फणीतलं एक तोडलं की बाकीची सुटतात आणि सुटी केळी कोण घेतं? त्या म्हणत, "मी घेते घरी, तुम्ही नका काळजी करू."

मग गिरण्यांच्या जागी टॉवर झाले आणि टॉवरमधली माणसं अ‍ॅव्होकाडो मागायला लागली. बाजारात व्यापारी त्याला बटरफ्रूट म्हणतात. एका फळाची किंमत डझनभर केळ्यांच्या वर, कधी दुप्पट. मला वाटलं, आता आपलं दुकान वर येणार. पण त्या फळाने मला जेवढं हतबल केलं तेवढं दुसऱ्या कशानेच केलं नाही. केळं सालीवरून बोलतं. हे काहीच सांगत नाही. बाहेरून हिरवंगार, आतून दोरे निघालेले. बाहेरून काळं, आतून लोण्यासारखं. आम्ही विकतो, पण काय विकतोय ते गिऱ्हाईक घरी जाऊन कापेपर्यंत आम्हालाही ठाऊक नसतं. भाव आमच्या हातात नाही. माल परदेशातून येतो, कंटेनर अडकला की वाशीचा व्यापारी सकाळी एक भाव सांगतो, दुपारी दुसरा. मी फक्त मान डोलवायची.

वहिनींना त्या फळाचं हसू यायचं. "चव ना ढव, आणि हे नखरे," म्हणायच्या. तरी ते पिकवायचं काम त्यांनीच हळूहळू अंगावर घेतलं. कागदात गुंडाळून पिकल्या केळ्यांच्या मध्ये ठेवायच्या. आज खायचंय की परवा, हे विचारून द्यायच्या. टॉवरमधल्या बायका दुकानात येऊन "काकी आहेत का?" विचारू लागल्या. मी समोर उभा असताना. कबुलीच द्यायची तर हेही सांगायला हवं, की ते मला आवडत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात व्यापाऱ्याने सांगितलं, की पुढचा माल लांबणार, भाव चढणार. मी जास्तीच्या पेट्या उचलल्या. चढ्या भावाने विकायचं म्हणजे तोवर फळ कच्चं राहायला हवं. दुकानात थंड पेयांचा फ्रिज होता. त्याच्या खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्यांवर बर्फ धरतो. तिथे मी पेट्या रचल्या. वहिनींनी विचारलं, "फ्रिजमध्ये कशाला?" मी म्हटलं, परदेशातून थंडीतच येतो हा माल, तुम्ही केळ्यांचं बघा. हिरवं केळं थंडीत ठेवलं तर काळं पडतं आणि पुढे कधीच धड पिकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या घरात केळं कुणी फ्रिजजवळही नेत नाही. पण किंमत एवढी मोठी, की हे केळ्यापेक्षा टणक फळ असेल असं मी धरून चाललो.

भाव चढला. मी पेट्या बाहेर काढल्या आणि फळं वहिनींच्या टोपल्यात ठेवली. त्यांनी नेहमीसारखं कागदात गुंडाळलं. साल मऊ झाली, आम्ही फळं विकली.

दुसऱ्या दिवशी टॉवरमधली एक बाई डबा घेऊन आली. आमची जुनी गिऱ्हाईक. झाकण उघडलं तर आत राखाडी, पाणचट गर. बाळाला पहिल्यांदा भरवायचं म्हणून नेलं होतं. बाई ओरडली नाही. म्हणाली, "बाकीच्यांचंही असंच निघालंय. ग्रुपवर फोटो आलेत. नक्की झालं काय?"

दुकानात आणखी चारजण होते. वहिनी हाताच्या अंतरावर, फणी सोडवत. आणि मी म्हणालो, "वहिनींनी केळ्यांत जास्त दिवस ठेवले. त्यांना या फळातलं कळत नाही, मी किती वेळा सांगितलं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग फ्रिजकडे पाहिलं. हातातली फणी खाली ठेवली. मी बाईला पैसे परत दिले, वर एक पपई दिली. बाई जाताना वहिनींना म्हणाली, "असू दे काकी, होतं असं." ते वाक्य मला अजून ऐकू येतं. माझ्या चुकीची माफी बाईने वहिनींना दिली होती.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी दुकानात आल्या नाहीत.

मी लालबागला त्यांच्या खोलीवर जात राहिलो. त्या चहा करायच्या. चहा नीट, बोलणं नीट, मुलांची चौकशी. कधी येता विचारलं की घरातल्या बोलीत म्हणायच्या, "बघूया. पाय दुखतत." पायांना काही झालेलं नव्हतं. दर महिन्याला त्यांचा वाटा मी पोचवत होतो आणि त्या तो न मोजता फळीवर ठेवत होत्या. त्यांना वाटा कधी नकोच होता. त्यांना जायला एक जागा हवी होती, सकाळी उठून, भावाच्या स्टुलावर, आणि ती मी चारचौघांत काढून घेतली होती. हे मला कळत होतं. जिना उतरताना रोज कळायचं. चढताना ठरवलेलं वाक्य चहाबरोबर गिळून मी परत यायचो. बायको म्हणाली, "तुमचं तोंड काय शिवलंय का?"

ज्या गिऱ्हाइकांसाठी खोटं बोललो, ती तशीही राहिली नाहीत. अ‍ॅपवर जाळीच्या पिशवीत दोन-दोन अ‍ॅव्होकाडो मिळू लागले, पिकलेले, घरपोच, माझ्या खरेदीपेक्षाही कमी भावात. मी भाव उतरवला, मग आणखी उतरवला, शेवटी ते फळ ठेवणंच सोडलं. केळ्यांचंही मला जमेना. कधी पिवळी धमक फणी सकाळी कुणी विचारायचं नाही आणि संध्याकाळी तिच्यावर चिलटं घोंगावायची. स्टूल मी कुणाला बसायला दिलं नाही, स्वतःही बसलो नाही. त्यावर रद्दी ठेवत होतो.

भावाच्या श्राद्धाच्या आदल्या सकाळी दुकानात गर्दी होती. पेशंटचे नातेवाईक, शेजारचा पेपरवाला, पितृपक्षाची फळं न्यायला आलेले दोघे-तिघे. मी वजनकाट्यावर वाकलो होतो. फळीच्या पलीकडून आवाज आला, "केळी कशी दिलीत?"

मान वर केली तर वहिनी. हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात पर्स उघडी. रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढचा माणूस सरकला तेव्हाच त्या पुढे सरकल्या होत्या.

मी म्हटलं, "वहिनी, आत या ना. तुम्ही काय भाव विचारता?"

"गिऱ्हाईक भाव विचारणारच, भावजी." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी हसून वेळ मारून नेली असती. त्या खरोखरच विचारत होत्या. नवऱ्याच्या श्राद्धाची केळी त्याच्याच दुकानात विकत घ्यायला, बाहेर उभं राहून. आणि मी उत्तर दिलं नसतं, तर त्या पुढच्या गाडीवर गेल्या असत्या.

मी फळीला वळसा घालून फूटपाथवर आलो. मागे कुणीतरी म्हणालं, "अहो, माझी सफरचंदं?" पेपरवाला बघत होता. माझे हात चिकट होते, ते मी शर्टाला पुसले. खोलीवर जाताना पाठ केलेलं वाक्य आठवेना, म्हणून जसं आलं तसं बोललो.

"वहिनी, ते अ‍ॅव्होकाडो मी फ्रिजमध्ये घालून नासवले होते. चढ्या भावाच्या हावेने. तुमचा त्यात काही दोष नव्हता, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. मी तुमच्यावर ढकललं ते गिऱ्हाइकांसमोर, म्हणून हे गिऱ्हाइकांसमोरच सांगतो. तुम्ही परत या की नका येऊ, ते तुमच्यावर. पण माझं चुकलं. मला माफ करा."