किलवणीच्या चार पट्ट्या

सिल्वासात गजानन कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, पण कारखान्याच्या गेटवर त्याची स्कूटर दिसली की कामगारांचे चेहरे उतरायचे. माणूस सोन्यासारखा, पायगुण मात्र वाईट, असं अथालच्या अख्ख्या कारखाना वसाहतीचं मत. आणि मत अगदीच खोटं नव्हतं.

दोष सगळा रॅमचा. जुन्या ३८६ कॉम्प्युटरला या मेमरीच्या चार पट्ट्या लागत. चारही एकाच वेगाच्या, आणि प्रत्येकीवर चिपा आठ नाही, नऊ. एक जरी परकी निघाली की मशीन नुसतं शिट्ट्या मारत बसायचं. लग्नाच्या पत्रिका जुळवताना थोडंफार इकडेतिकडे चालतं, इथे तेही नाही. अठ्ठ्याण्णव साली असल्या पट्ट्या वापीच्या बाजारातही मिळेनात. मिळायच्या त्या बंद पडणाऱ्या कारखान्यांत. आणि ज्या करसवलतीसाठी कारखाने इथे आले ती संपत आल्यापासून अशा कारखान्यांची कमी नव्हती.

रांध्याच्या सूत कारखान्याचा कॉम्प्युटर असाच पट्ट्यांवाचून अडलेला. त्याच आठवड्यात किलवणीच्या प्लास्टिक कारखान्यातून मॅनेजरचा फोन आला.

"गजाननभाई, तुम्हाला पाहिजे त्या पट्ट्या आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. काढून न्या."

"मग तुमचं काम कशावर चालणार?"

"आता कसलं काम?" मॅनेजर हसला. "रविवारी कारखान्यातली सगळी मशीनं ट्रकात चढणार. तोवर तोंड बंद ठेवा. नाहीतर या भागातला कुठलाच शेठ तुम्हाला गेटच्या आत घेणार नाही."

किलवणीला पॅकिंगमध्ये गजाननची बायको होती, मंगला. मशीनं जागेवर होती तोवर बायकांना गेट अडवून हक्काच्या पैशांसाठी भांडता आलं असतं. रिकाम्या शेडपुढे बसून कुणाशी भांडणार?

वरच्या ऑफिसात त्याने कॉम्प्युटरचं झाकण काढलं. पट्ट्या जुळू नयेत असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. मेल्या जुळल्या. वेग तोच, चिपा नऊ. खालून टेप ओढल्याचे करकर आवाज आणि बायकांचं खिदळणं येत होतं.

"मागच्या जिन्याने जा," मॅनेजर म्हणाला.

गजानन पट्ट्या हातात घेऊन पुढच्या जिन्याने उतरला. तो जिना थेट पॅकिंगच्या शेडमध्येच उतरायचा.

"बघ गं मंगला, भाऊंना तुझ्याशिवाय करमेना!" शेजारच्या टेबलावरची कावेरी ओरडली.

मंगला लाजली. "अहो, इकडे कुठे? आमचा कॉम्प्युटर बिघडला का?"

"बिघडला नाही. चांगला चालत होता."

"मग त्यातलं काढून कशाला नेताय?"

मॅनेजर जिन्यात येऊन उभा राहिला होता. गजाननने त्याच्याकडे पाहिलं, मग बायकांकडे.

"रविवारी ट्रक येणार आहेत," तो म्हणाला. "मशीनं न्यायला."

एकेका टेबलावरची टेप थांबत गेली. मॅनेजर वर गेला, आणि फोनची तबकडी फिरल्याचा आवाज शेडभर ऐकू आला. कावेरीने पुढे होऊन, ट्रक लागायचे त्या दाराचं शटर आतून खाली ओढलं.