दुसऱ्या नावाचे तिकीट

आमच्या बेटाला रस्ता येत नाही. अलास्काच्या या किनाऱ्यावर साधी दाढ दुखली तरी विमान पकडावे लागते, आणि म्हणून विमान कंपनीच्या क्रेडिट कार्डावर येथील माणसांची जी श्रद्धा आहे, ती चर्चमधल्या पाद्र्यालाही लाभलेली नाही. किराणा, डिझेल, चर्चची देणगी, सारे काही कार्डावर. प्रत्येक डॉलरमागे मैल मिळतात, आणि पुरेसे मैल साठले की माणूस फुकट उडतो, असा समज आहे. मी शाळेत गणित शिकवतो. ‘फुकट’ या शब्दाविषयी माझे मत फारसे बरे नाही. परंतु शेजारच्या ऑडविन टॉर्गर्सनपुढे ते मांडण्याची सोय नव्हती.

ऑडविन बर्फाच्या कारखान्यातील यंत्रे सांभाळतो. मासेमारीच्या बोटींना बर्फ पुरवणारा हा कारखाना बंद पडला, तर बंदरात उभ्या बोटींतले मासे सडू लागतात. त्याचे वडीलही हेच काम करीत. एरवी दिवसभरात चार वाक्ये न बोलणारा हा गृहस्थ कार्डाचा विषय निघाला की खुलत असे. लग्न ठरलेली जोडपी कॅफेमध्ये त्याचा सल्ला घ्यायला येत.

“एकच कार्ड घेऊन त्यावर बायकोचं नाव चढवायचं, हा शुद्ध खुळेपणा,” तो सांगे. “दोघांची दोन कार्डं काढा. कार्डाची वर्गणी दोनदा जाते, कबूल. पण दरवर्षी प्रत्येक कार्डावर सोबत्याचं तिकीट मिळतं. एकानं पूर्ण भाडं भरायचं, दुसऱ्यानं जवळजवळ फुकट बसायचं. जोडीनं उडालात की वर्गणी वसूल.”

“आणि जोडीनं उडायचंच नसेल तर?” मी एकदा विचारले.

“तर मास्तर, लग्न कशाला केलं?”

सारा कॅफे हसला. त्याची बायको सिग्नेही हसली. टपाल कार्यालयात काम करणारी ही बाई कित्येक वर्षांत एकटी विमानात बसली नव्हती. ती एकटी गेली तर दुसरे तिकीट वाया जाईल, असा घरचा हिशेब होता. ऑडविनला रजा मिळेल तेव्हाच तिला बहीण आठवायची.

ही बहीण, मार्गिट, सिएटलमध्ये एकटीच राहते. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्या हृदयाची झडप बदलायचे ठरले. या दोघी बहिणींची आई शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या भुलीतून जागी झाली नव्हती. मार्गिटने फोनवर एवढेच मागितले, “मला आत नेतील तेव्हा तू दाराशी हवीस.” सिग्नेने शब्द दिला.

तिकिटाचे बोलणे आमच्या सामाईक कुंपणापाशीच झाले.

“माझ्या कार्डावर काढ ना,” सिग्ने म्हणाली. “जायचं मला आहे. तू नुसता सोबतीला येणार.”

“तुझ्या नावावर मैल पडून काय करायचेत? मी कंपनीच्या खास प्रवाशांच्या वरच्या श्रेणीला अगदी टेकलोय. पहिलं नाव माझं, दुसरं तुझं. विमान तेच, खुर्च्या शेजारीशेजारी. तुला काय फरक पडतो?”

सिग्नेने खांदे उडवले. वरच्या श्रेणीला टेकलेल्या माणसाशी काय बोलायचे?

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कारखान्यात बर्फ गोठवणाऱ्या अमोनियाची गळती झाली. सॅमन माशाचा ऐन हंगाम, बोटी धक्क्यावर बर्फासाठी खोळंबलेल्या, आणि ते यंत्र जाणणारा माणूस एकच. “तू पुढे जा, मी मागून येतो,” असे सिग्नेला कळवून ऑडविनने आपले भाडे बुडू नये म्हणून, कामाच्या धांदलीतच, फोनवरून आपली खुर्ची रद्द केली. पडद्यावर आलेला मजकूर त्याने वाचला नाही. तो इतका लांब असतो की वाचला जाऊ नये हीच त्यामागची इच्छा असावी, असे माझे जुने मत आहे. परंतु ते त्याच्या उपयोगाचे नाही.

सकाळी सिग्नेला विमानतळावर मी पोहोचवले. खिडकीमागे बसणारी लॅव्हॉन साऱ्या बेटाला नावाने ओळखते.

“सिग्ने, तुझं नाव नाही गं यात.”

“असं कसं? नीट बघ. मी दुसरी आहे.”

“तेच तर. पहिलं नाव काल रद्द झालं. दुसरं त्याला बांधलेलं असतं, ते आपोआप गेलं.”

“मग नवीन दे. पूर्ण भाडं देते.”

“द्यायला खुर्ची नको का? तुझी रातोरात विकली गेली. बघ की ही जत्रा!”

गोठवलेल्या माशांची खोकी घेतलेले हौशी पर्यटक रांगेत उभे होते. सिग्नेने त्यांतल्या दोघातिघांना विनवले. प्रत्येकाला पुढचे विमान गाठायचे होते. दक्षिणेकडे जाणारे दिवसातले एकमेव विमान तिच्या डोळ्यांदेखत उडाले. मार्गिटला दुसऱ्या दिवशी पहाटेच आत नेणार होते.

आम्ही तेथून कारखान्यात गेलो. ऑडविनचे डोळे रात्रभराच्या कामाने लाल झाले होते. ऐकताच त्याच्या हातातला पाना खाली पडला.

“मी फक्त माझी रद्द केली होती! सिग्ने, शपथेवर सांगतो, फक्त माझी.”

“हो,” सिग्ने म्हणाली. “पैसे परत मिळाले का?”

ते मिळाले होते. त्याला मान हलवावी लागली.

मार्गिट एकटीच आत गेली आणि सुखरूप बाहेर आली. “एका नर्सचा हात धरून ठेवला होता मी. चांगली होती पोरगी,” एवढेच तिने फोनवर सांगितले. तिने दोष दिला असता तर ऑडविनला काहीतरी उत्तर देता आले असते.

त्यानंतर तो कॅफेमध्ये दिसेनासा झाला. कोणी कार्डाविषयी विचारले की म्हणे, “मास्तरांना विचारा.” कंपनीने त्याला वरच्या श्रेणीत घेतल्याबद्दल अभिनंदनाचे पाकीट धाडले, ते त्याने न फोडताच शेगडीत टाकले. सिग्ने साधे तिकीट काढून दोनदा बहिणीकडे राहून आली. तो गेला नाही. सोबत्याचे तिकीट मुदत संपून मेले. मार्गिटच्या दारात उभे राहायचे कसे, हे त्याला सुचत नव्हते.

या वसंतात मार्गिटचाच निरोप आला: ऑडविनला म्हणावं, कॉफी प्यायला ये.

आठवडा गेला. मग तो कुंपणापाशी बायकोला म्हणाला, “तुझ्या कार्डावर काढशील? पहिलं नाव तुझं. मी दुसरा.”

“आणि ऐन वेळी मलाच जावंसं वाटलं नाही तर? तुझीही खुर्ची जाईल.”

“जाऊ दे.”

त्या दिवशीही त्यांना मीच नेले. खाडीवर धुके बसले होते. विमानाचा आवाज जवळ आला, डोक्यावरून गेला आणि न उतरताच विरला. येथे हे नेहमीचे. माणसे मुकाट्याने सामान उचलून घरी कॉफी प्यायला जातात.

“उद्याचं करू?” लॅव्हॉनने विचारले. “दोघांचं?”

सिग्नेने नवऱ्याकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता.

“माझं कर,” ती म्हणाली. “त्याचं काय, माझ्यामागून आपोआप येतं.”

मला वाटले, आता तरी तो हसेल. त्याने बॅगेतून मार्गिटसाठी घेतलेली, धुरी दिलेल्या सॅमनची बरणी काढली, घट्ट असलेले झाकण पुन्हा घट्ट केले आणि दोन्ही बॅगा उचलून तो गाडीकडे चालू लागला.