डोक्याचा कौल

आमच्या घरात दुखणं दिसावं लागतं. विळ्याने बोट कापलं, पायात काटा मोडला, की सगळी हळद घेऊन धावतात. माझं दुखणं डाव्या डोळ्याच्या मागे, अर्ध्या डोक्यात. ते कोणाला दिसत नाही. अर्धशिशी उठली की मला उजेड सोसत नाही, फोडणीच्या वासाने पोटातलं वर येतं, आणि मी आतल्या अंधाऱ्या खोलीत डोक्याला ओला टॉवेल बांधून पडते. मग पडवीतून थोरल्या जावेचा आवाज येतो, "महाराणी निजली काय गो?" त्यावर सासूबाई, "लावणी आली की हिचं टकुरं उठतंय."

हे दुखणं मुहूर्त बघून येतं हे मात्र खरं. उपाशीपोटी वाकून काम केलं की येतं, आणि आमच्याकडे तसं काम भाताच्या लावणीतच असतं.

यंदा दुखण्याबरोबर हातालाही मुंग्या यायला लागल्या, तेव्हा पोलादपूरच्या डॉक्टरांनी महाडला डोक्याचा एमआरआय करून घ्यायला सांगितलं. नवरा मुंबईला नोकरीला. फोनवर म्हणाला, "काढून टाक एकदाचा. काय ते कळू दे सगळ्यांना."

त्या नळीत डोकं अडकवून पडल्यावर माणसं म्हणत असतील, देवा, काही निघू नये. मी म्हणत होते, काहीतरी निघू दे. मोठं नको. एखादी वाटाण्याएवढी गाठ, गोळीने विरघळणारी, पण फोटोत नीट दिसेल अशी. जावेला चष्म्याशिवाय दिसायला हवी.

महाडच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काळजीचं काही नाही. गाठ नाही, रक्तस्राव नाही, सूज नाही. थोडे बारीक पांढरे ठिपके आहेत."

"ठिपके!" माझा चेहरा बहुतेक उजळला असावा.

"तसे ठिपके अर्धशिशीवाल्यांच्या डोक्यात बऱ्याचदा दिसतात. न दुखणाऱ्यांच्याही दिसतात. तुमच्या ठिपक्यांत घाबरण्यासारखं काही नाही."

"मग दुखतं ते कुठाय यात?"

"ते यात दिसत नाही. दुसरं काही नाही ना, एवढं बघायला हा फोटो. अर्धशिशी आहे की नाही, ते तुमच्या सांगण्यावरूनच ठरतं."

माझ्या सांगण्यावरून! आमच्या घरात माझ्या सांगण्यावरून कालवणातलं मीठसुद्धा ठरत नाही.

घरी आल्यावर जावेने ती काळी फिल्म पडवीच्या उजेडात धरली, उलटी. मग रिपोर्टातला एकच शब्द बोट ठेवून मोठ्याने वाचला. "नॉर्मल! बघा, सोंग निघालं."

"एवढं मोठं मशीन खोटं बोलतंय काय?" सासूबाई म्हणाल्या.

नवरा फोनवर म्हणाला, "नॉर्मल ना? मग झालं तर. उद्यापासून शेतावर जा."

पुढच्या खेपेला डोकं उठलं तेव्हा जावेने ते पाकीट आणून माझ्या उशाशी ठेवलं. "दुखलं की वाच." आधी निदान संशयाचा फायदा मिळायचा. आता सोंगाचा दाखला मी स्वतः महाडला जाऊन आणला होता.

शेवटी मी सासूबाईंना त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. "आई, देवाला कौल लावताना गुरव आधी प्रश्न घालतो ना? म्हशीचं विचारलं तर देव म्हशीचंच सांगतो, बैलाचं नाही. मशीनला विचारलं, गाठ हाय काय. त्याने सांगितलं, नाय. दुखतंय काय, हे कोणी विचारलंच नाय."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून अंगणात फेकला. मग म्हणाल्या, "मग इचारू."

सकाळी त्या मला देवळात घेऊन गेल्या. जाऊही आली. असा खेळ ती कशी सोडणार? गुरवाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "काय घालू प्रश्न?"

सासूबाई पुढे झाल्या. "इचार, हिच्या डोळ्यामागं खिळा ठोकल्यागत होतंय. त्याच्या आधी डोळ्यापुढं वाकड्या चकचकीत रेघा नाचतात, ताटातली अर्धी भाकर दिसते नि अर्धी दिसत नाय. दुसऱ्या दिवशी फणी लावली तरी टाळू ठणकते. हे खरं असल तर उजवी दे."

मी पाषाणाकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. रेघांचं आणि अर्ध्या भाकरीचं मी घरात कधी बोलले नव्हते. आधीच सोंगाडी ठरलेली, त्यात वेडी कशाला ठरू? महाडच्या डॉक्टरीणबाई सोडल्या तर ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

उजवी पाकळी पडली. जाऊ प्रसादालाही थांबली नाही.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "आई, तुमचं पण दुखायचं?"

"लगीन होऊन आले तवापासनं. केस पिकले तवा गेलं."

"मग माझ्या दुखण्याला सोंग का म्हणत होतात?"

"मला कोण खरं म्हणालं?" मागे वळूनसुद्धा न बघता त्या म्हणाल्या.

त्यानंतर आठवडाभरात डोकं उठलं. या वेळी सासूबाई स्वतः आत आल्या. खिडकी लावली, टॉवेल भिजवून आणला आणि कानशिलावर नेमक्या जागी अंगठा दाबला. ती जागा मला स्वतःला कधी सापडली नव्हती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. वाटलं, कोणाला तरी कळलं.

"हलकं वाटतंय?"

"हो, आई."

"वाटणारच. खिळा जरा सैल पडतो." त्यांनी अंगठा काढला. "चल, ऊठ. एवढा सैल पडला की भाकऱ्या होतात. मी जन्मभर अशाच थापल्यात."

त्यांना काय कळतंय, असं म्हणायची सोयही गेली होती. मी भिंतीला धरून उठले, चुलीपुढे बसले. अर्धा तवा दिसत होता. भाकऱ्या झाल्या, आणि सगळ्या गोल झाल्या.