बाह्यांची कुंची

अक्का गेल्या त्याला महिना होत आला. फोन आला तेव्हा मी बदनापूरच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभी होते. "मामी, आई गेली…" एवढंच जाफराबादचा भाचा, अक्कांचा मुलगा, बोलला. माझ्या तोंडून निघालं, "अरे, परवा तर फोनवर माझ्याशी भांडल्या की!" थोरली नणंद माझी. भांडल्याशिवाय आमचं जमायचं नाही, आणि बोलल्याशिवायही.

आमच्या घरात रीत होती. बाळाची पहिली कुंची आत्याने शिवायची आणि बारशाला तिनेच ती बाळाच्या डोक्यावर घालून हनुवटीखाली नाडी बांधायची. जुन्या मऊ लुगड्याची, पाठीवर रुळणारी, कडेला लाल पट्टी. माझ्या सागरसाठी अक्कांनी कुंची शिवली खरी; पण तो पोटात असतानाच अक्कांचे मालक वारले होते. बारशाच्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "शिवली ते बास. घालंल दुसरी कुणी." शिवलेलं चालतं आणि घातलेलं चालत नाही, हा कुठला न्याय? मी बोलले, पण ओल्या बाळंतिणीचं कोण ऐकतं! अक्का स्वयंपाकघरात जाऊन पुऱ्या लाटत बसल्या. पुढे घरातल्या कुठल्याच बारशाला त्या पाळण्याजवळ आल्या नाहीत.

सागर पुण्याला नोकरीला लागला आणि एका हिवाळ्यात अक्कांसाठी राखाडी हुडी घेऊन आला. अक्कांनी ती घातली उलटी, टोपी हनुवटीखाली! आणि गेल्या की कापूस वेचायला. वेचलेला कापूस त्या टोपीत भरायला लागल्या. सागर हसून हसून बांधावरच बसला. "आत्या, ती टोपी मागं असती!"

"मंग पाठीवर खिसा कशाला म्हणलं! मला वाटलं शिंप्यानं चूक केली." त्यांनी हुडी सरळ केली, टोपी डोक्यावर ओढली आणि एकदम माझ्याकडे वळल्या. "अगं सुमन, ही तर बिलकुल कुंचीच हाय की! बाह्यांची."

त्यानंतर हुडी अंगावरून उतरेना. बाजारात हुडी, एसटीत हुडी, लग्नात नऊवारीवर हुडी. कुणी हसलं की म्हणायच्या, "थंडी काय वय इचारून वाजती व्हय?" मग सुरूच व्हायच्या… लहानपणी पावसात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावर खोळ घ्यायचो, आजोबा घोंगडी तशीच घ्यायचे, पुण्यावाल्यांनी नवीन काय शोधलं? एकदा सागरने सांगितलं की बँकेच्या दारात वॉचमनने त्याला टोपी काढायला लावली. तेव्हा मात्र चिडल्या. "लेकराच्या डोक्यावर असली की साजरी, अन् मोठ्याच्या डोक्यावर असली की चोर? माणूस तेच ना?" मला ते बारसं आठवलं.

गेल्या हिवाळ्यात सागरला मुलगी झाली. त्याला बहीण नाही, म्हणून कुंची अक्कांनीच शिवली. बारशाला मात्र पुन्हा भिंतीला टेकून लांब बसल्या. सागर म्हणाला, "आत्या, तूच घाल." आता अडवणारं कुणी उरलं नव्हतं. पण अक्काच म्हणाल्या, "नको रे बाबा. लेकराला काही झालं तर…" सगळ्या गावाला तोंडावर उत्तर देणारी ही बाई, आणि इतकी वर्षं ते बोलणं खरं धरून बसली होती!

सागरने मुलगी माझ्याकडे दिली. तोही हुडीतच होता. अक्कांपुढे गुडघे टेकून त्याने डोकं खाली घातलं. "मंग मला घाल. माझ्या बारशाचं राह्यलंय." एवढा दाढीवाला बाप्या! बायका फिदीफिदी हसल्या. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या पाठीवरची टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर ओढली, नाडी हनुवटीखाली आणली आणि गाठ मारता मारता घळाघळा रडल्या. "झालं का रे काही तुला?"

"काहीच न्हाई झालं, आत्या."

मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केले. "आण माय ती पोरगी इकडं."

परवा पुण्याला गेले होते. सूनबाई कपडे धुवायला काढत होती. "आई, या हुडीची नाडी सोडू का? ह्यांनी गाठ सोडलीच नाही, तशीच डोक्यातून काढतात." मी हुडी हातात घेतली. गाठ सैलच होती, बोट लावलं असतं तरी सुटली असती… मी म्हटलं, "राहू दे गं. तशीच धू."